रिक्तिका शिकवायची तर वावरातून शिकवता येईल का?

पूर्णाकाठ (धागाकर्ता)

मी खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे विहिरीचं पाणी खारं असलेल्या भागातल्या, एका गावात आठवी-नववीला विज्ञान शिकवतो. पेशीचा धडा सुरू झाला की केंद्रक, हरितलवक, तंतुकणिका यांवर मुलं भरपूर विचारतात. रिक्तिका आली की पान उलटतात. तिच्या वाट्याला पुस्तकात दोन-तीन ओळीच येतात: वनस्पतिपेशीत मोठी, प्राणिपेशीत लहान, पाणी आणि टाकाऊ पदार्थ साठवते. परीक्षेत 'फरक लिहा'मधला एक मुद्दा, की झालं.

मला हे मनापासून खटकतं. पूर्ण वाढलेल्या पानाच्या पेशीत ८० ते ९० टक्के जागा एकटी रिक्तिका घेते. पेशीद्रव्य, हरितलवकं, केंद्रक, सगळं भित्तिकेलगतच्या पातळ थरात दाटीनं बसलेलं असतं. म्हणजे धुऱ्यावर उभं राहून आपण हिरवीगार पऱ्हाटी (कपाशी) पाहतो, तेव्हा आकारमानानं बहुतांश रिक्तिकाच पाहत असतो. आणि धडा तिला 'साठवण' म्हणून मोकळा होतो. माझ्या मते झाड उभं कसं राहतं, आंबट कसं होतं, रंग कुठून येतो, विष कुठं ठेवतं, या सगळ्याचं उत्तर या एका पिशवीपाशी येतं.

वर्गातल्या एका पोरानं विचारलं, "सर, झाडानं एवढी जागा नुसत्या पाण्याले काऊन देली?" त्याला मी उत्तर देईनच, पण आधी तुमच्याकडून ऐकायचं आहे. आपल्या भागातली उदाहरणं द्या, जी मुलं स्वतः पाहू शकतील. बुरशीबद्दलही लिहा, तिच्या पेशीतही रिक्तिका असते आणि पुस्तकात त्याचा उल्लेखही नाही.


वऱ्हाडी_राजा

९० टक्के! म्हंजे मेथीच्या जुडीचे पैसे आपन पाण्यालेच देतो म्हना की सर.


सूक्ष्मदर्शी

पाणी आहेच, पण ते पडून नसतं, दाबाखाली असतं. सगळी गंमत तिथं आहे.

रिक्तिकेभोवती एक पातळ पटल असतं, टोनोप्लास्ट. हे नाव ह्यूगो द व्ह्रीस या डच वनस्पतिशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये दिलं. मेंडेलचं विस्मृतीत गेलेलं काम १९०० मध्ये पुन्हा उजेडात आणणाऱ्या तिघांपैकी एक तो हाच. या पटलात प्रथिनांचे पंप असतात. ते ऊर्जा खर्चून हायड्रोजन आयन आत ढकलतात. त्यामुळे आतल्या रसाचा सामू (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५ ते ५.५ राहतो, बाहेरच्या पेशीद्रव्याचा ७ च्या थोडा वर. हा फरक तयार झाला की त्याच्या जोरावर पोटॅशियम, नायट्रेट, साखर, सेंद्रिय आम्लं आत घेता येतात. आत विद्राव्य वाढलं की परासरणानं, म्हणजे विद्राव्य कमी तिकडून जास्त तिकडे, पाणी मागोमाग येतं आणि रिक्तिका फुगते.

फुगून फुटत का नाही? कारण बाहेर पेशीभित्तिका आहे. सायकलची ट्यूब आणि टायर डोळ्यांपुढे आणा. ट्यूब एकटी भरली तर फुटेल, टायर एकटा उभा राहणार नाही, दोन्ही मिळून माणूस वाहून नेतात. पानाच्या पेशीतला दाब हवेच्या दाबाच्या चार ते आठपट सहज असतो. प्राणिपेशीला भित्तिकाच नाही, त्यामुळे असा दाब तिला झेपणार नाही. 'वनस्पतीत मोठी, प्राण्यात लहान' या ओळीमागचं मोठं कारण हे, आणि पुस्तकात नेमकं तेच नसतं.


कास्तकार_दर्यापूर

सूक्ष्मदर्शी भाऊ, मंग मले एक सांगा. पावसानं लय दिवस दडी मारली, तवा पऱ्हाटी उभी होती. दुपारी जराशी मान टाके, सांजच्याले पुन्हा ताठ. मंग एका रात्री असा आला की वावरात पानी साचलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तं बोंडं भरलेली झाडं जागच्या जागी लोळली. पानी नव्हतं तवा ताठ अन् पानी आलं तवा पंक्चर! हे कसं?


निवृत्त_कृषीसहायक

कास्तकार भाऊ, याला आकस्मिक मर म्हणतात. बुरशीचा मर रोग वेगळा, यात रोगजंतू नसतो. पाणी साचलं की मातीतली हवा निघून जाते. मुळाला श्वास घेता आला नाही की ऊर्जा तयार होत नाही, मुळाच्या पेशीद्रव्याची आम्लता वाढते आणि पाणी आत घेणाऱ्या पटलातल्या वाटा बंद होतात. झाड पाण्यात उभं असतं, पण मुळातून वर पाणी चढत नाही. वरून ऊन आणि अंगावर भरपूर बोंडं. पानं बाष्प सोडतच राहतात आणि त्यांच्या रिक्तिका रित्या होत जातात.

म्हणून पहिलं काम फवारणीचं नाही. चर खोदून पाणी बाहेर काढा, वाफसा येऊ द्या. लगेच हालचाल केली तर बरीच झाडं उठतात, पेशी मेल्या की मग काही करता येत नाही. आळवणीसाठी (मुळाशी द्रावण ओतण्यासाठी) काय आणि किती वापरायचं ते कृषी विज्ञान केंद्रात विचारूनच ठरवा.

दुपारी मान टाकून संध्याकाळी ताठ होणं वेगळं. ते बाष्प जास्त आणि पुरवठा कमी, एवढ्यापुरतंच. संध्याकाळी हिशेब जुळतो.


कास्तकार_दर्यापूर

हाव, चर काढलेल्या तासातली बरीच वाचली होती. आता समजलं काऊन ते.


संत्रावाली

मोर्शी-वरूड पट्ट्यातून नमस्कार. आम्ही बागेला ताण देतो, तेही याच दाबाशी खेळणं आहे. आंबिया बहारासाठी, म्हणजे थंडीनंतरच्या फुलोऱ्यासाठी, थंडीत पाणी तोडायचं, झाडाची वाढ थांबवायची, आणि पानं मलूल होऊन गळायला लागली की पाहायचं. ताण कमी पडला तर फूल कमी, जास्त झाला तर फांदी वाळते. माझे सासरे पान दोन बोटांत धरून वाकवतात आणि 'अजून थांबा' किंवा 'सोडा पाणी' म्हणतात. ते काय तपासतात ते आज कळलं, पेशीतला ताठपणा तपासतात!

एक विचारायचं होतं. संत्र्याचा रस म्हणजे रिक्तिकेतला रस का?


सूक्ष्मदर्शी

बहुतांशी हो, ताई. फोडीतल्या त्या बारीक रसपिशव्यांमधल्या पेशी जवळजवळ पूर्ण रिक्तिकाच असतात आणि साखर, सायट्रिक आम्ल तिथंच साठतं. लिंबात तर रिक्तिकेचा सामू २ ते २.५ पर्यंत खाली जातो. एवढं आम्ल पेशीद्रव्यात सुटलं तर पेशी तत्काळ मरेल. टोनोप्लास्ट ते कोंडून ठेवतं म्हणून लिंबाची पेशी जिवंत राहते.

पण सालीचा नारंगी रंग मात्र रिक्तिकेतला नाही. तो कॅरोटिनॉइड या रंगद्रव्याचा, तो वर्णलवकात, म्हणजे पेशीतल्या रंगाच्या वेगळ्या कणांत असतो.


लाल_माती

रंगाचा विषय निघालाच तर लाल्या! कपाशीची पानं लाल होतात तो विषाणू रिक्तिकेत शिरतो का?


निवृत्त_कृषीसहायक

लाल्या विषाणूनं होत नाही. ती विकृती आहे. बोंडं भरताना झाडाला नत्र, मॅग्नेशियम कमी पडलं, रात्रीचं तापमान उतरलं, मुळं पाण्यात बसली, की पानातलं हरितद्रव्य मोडतं आणि अँथोसायनिन नावाचं लाल रंगद्रव्य तयार होऊन रिक्तिकेत साठतं. तुडतुड्यांनी रस शोषल्यावरही पानाच्या कडा लाल होतात, म्हणून फवारणीआधी पान उलटं करून पाहावं. कडा वळलेल्या आणि खाली तुडतुडे असतील तर उपाय वेगळा.


लाल_माती

दुकानात तर रोग म्हणूनच औषध देतात. गावात बहुतेक सगळे रोगच म्हणतात.


निवृत्त_कृषीसहायक

म्हणूनच लिहितोय. नत्र-मॅग्नेशियम कमी असताना बुरशीनाशक मारलं तर पैसे जातात आणि पान लालच राहतं.


पूर्णाकाठ

यातून वर्गातला एक प्रयोग सुचतो. लाल झालेलं कपाशीचं पान, पळसाची फुलं, झेंडूच्या पाकळ्या, संत्र्याची साल, सगळं वेगवेगळ्या भांड्यांत पाण्यात उकळायचं. पळसाचा रंग पाण्यात उतरतो हे होळीमुळे प्रत्येक पोराला माहीत आहे. झेंडूचा नारंगी रंग पाण्यात तसा उतरत नाही, तेलात उतरतो. रिक्तिकेतले रंग पाण्यात विरघळणारे, लवकातले तेलात विरघळणारे. सूक्ष्मदर्शी, बरोबर ना?


सूक्ष्मदर्शी

बरोबर. गाजर तेलात परतलं की तेल नारंगी होतं, तेही याच कारणानं.

याहून चांगला प्रयोग बीटाचा आहे. बीटाचा लाल रंग बीटालेन, तोही रिक्तिकेतच. बीटाचे सारखे तुकडे कापा, कापताना फुटलेल्या पेशींचा रंग जाईपर्यंत पाण्यात धुवा. मग एक तुकडा थंड पाण्यात, एक कोमट पाण्यात, एक चांगल्या कडक पाण्यात ठेवा. थंड पाण्यात रंग जवळजवळ येत नाही. ६० अंशांच्या पुढे पटल मोडतं आणि पाणी लाल होतं. रिक्तिकेला पटल आहे, आणि जिवंतपणी ते राखण करतं, हे यापेक्षा स्वस्तात दाखवता येणार नाही.

आणि शाळेत सूक्ष्मदर्शी असेल तर लाल कांदा घ्या. पांढऱ्या कांद्याचा पापुद्रा घेऊन आयोडीन टाकतात, त्यात रिक्तिका दिसत नाही. लाल कांद्याच्या मांसल थराचं बाहेरचं जांभळं सालटं सोलून काचपट्टीवर ठेवा. तो जांभळा रंग रिक्तिकेतलाच, म्हणजे रिक्तिका स्वतःच रंगलेली. वरून १०० मिलीलिटर पाण्यात ५ ग्रॅम मीठ घातलेलं द्रावण सोडा. काही मिनिटांत जांभळा भाग भित्तिकेपासून सुटून आकसतो. पुन्हा साधं पाणी सोडलं, आणि पेशी मेलेली नसली, तर परत फुगतो.


वऱ्हाडी_राजा

कांदा म्हटल्यावर डोयात पानी आलंच माह्या. त्याचंही रिक्तिकेशी काही आहे काय?


घाटंजीची_सुगरण

आहे राजाभाऊ. अख्खा कांदा परडीत पडून असतो, त्याचा त्रास नाही. चिरला की डोळे. कांद्याच्या पेशीत एक विकर (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) रिक्तिकेत असतं आणि गंधकाचा कच्चा माल बाहेर पेशीद्रव्यात. विळीनं पेशी फुटली की दोन्ही भेटतात आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. धार असलेल्या विळीवर त्रास कमी, बोथट विळीवर जास्त, कारण बोथट पातं पेशी चिरडतं.

आणि धोप्याची पानं! बाहेरच्यांसाठी सांगते, अळूला आमच्याकडे धोपा म्हणतात. वड्या करताना पान कच्चं राहिलं की घसा खवखवतो. कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया काही खास पेशींच्या रिक्तिकांमध्ये जुडीनं रचलेल्या असतात. चावलं की टोचतात. म्हणून चिंच लावायची आणि भरपूर वाफवायचं, हे आईनं शिकवलं.


ढोरांचा_डॉक्टर

सुगरण ताईंनी कांद्याचं सांगितलं, तीच रचना ज्वारीत जीव घेते. हा भाग मुलांना जरूर शिकवा, कारण गुरं चारायला तीच जातात.

कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचं द्रव्य असतं. ते पानाच्या वरच्या त्वचेतल्या पेशींच्या रिक्तिकांमध्ये बंद असतं. ते मोडणारं विकर आतल्या हिरव्या पेशींत, हरितलवकात असतं. झाड उभं आहे तोवर दोन्ही वेगळी, झाडाला काही होत नाही. गाय चावते तेव्हा दोन्ही मिसळतात आणि हायड्रोजन सायनाइड सुटतं. पाऊस लांबून खुरटलेली ज्वारी आणि कापणीनंतर पुन्हा फुटलेले कोवळे पोंगे, यात धुरिन जास्त.

लक्षणं फार लवकर दिसतात: जोरात श्वास, तोंडाला फेस, थरथर, मग आडवं पडणं. रक्त नेहमीपेक्षा चकचकीत लाल दिसतं, कारण रक्तात प्राणवायू असतो पण पेशींना तो वापरता येत नाही. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून वेळेत दिलं तर जनावर वाचतं. ते काम पशुवैद्यकाचं, घरगुती उपायात वेळ घालवू नका. मी गेलो तेव्हा उशीर झालेला होता, असं अनेकदा झालं आहे आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलं आहे. ज्वारी फुलोऱ्यात येईपर्यंत जनावर त्यात सोडू नका.


संत्रावाली

वाचून अंगावर काटा आला. आमच्या शेजारच्यांची गाय अशीच गेली होती, 'नजर लागली' म्हणाले होते.


हरभरा_वटाणा

सरांनी आंबटाचं विचारलं म्हणून. हरभऱ्याची आंब! थंडीत पहाटे हरभऱ्यावर कापड फिरवून ओलं करायचं आणि पिळून बाटलीत भरायचं. आजी पोटदुखीला द्यायची. ही पण रिक्तिकेतली आम्लं ना?


सूक्ष्मदर्शी

इथं मी असहमत आहे. आंब ही पानावरच्या बारीक ग्रंथिल केसांतून बाहेर स्रवलेली असते, तिच्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. कापडाला लागते ती पेशीच्या बाहेर आलेली. रिक्तिकेतलं आम्ल पेशी फोडल्याशिवाय हाताला लागत नाही. अंबाडीची भाजी आंबट लागते ते रिक्तिकेचं उदाहरण, पान चावलं किंवा शिजवलं की आंबटपणा बाहेर येतो.


हरभरा_वटाणा

पण स्रवायच्या आधी ते आम्ल कुठंतरी साठत असेलच ना? मी अजून माझ्या म्हणण्यावर आहे. 😀


सूक्ष्मदर्शी

पेशीत तयार होतं हे नक्की. मुलांना दाखवायला मात्र अंबाडीच बरी, तिच्यात वाद नाही.


पानाफुलात

आंबटपणावर सगळ्यात सुंदर उदाहरण पानफुटी. पान मातीवर ठेवलं की कडेनं रोपं फुटतात ती. बेंजामिन हाइन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत भारतात होता. त्याच्या लक्षात आलं की या झाडाचं पान सकाळी आंबट लागतं, दुपारपर्यंत बेचव होतं. हे निरीक्षण त्यानं लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवलं आणि ते १८१५ मध्ये छापलं गेलं.

कारण असं: उन्हाच्या, कोरड्या जागी पाणी वाचवायला ही झाडं दिवसा पर्णरंध्रं मिटून ठेवतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात रिक्तिकेत ठेवतात, दिवसा तो बाहेर काढून उजेडात साखर करतात. रिक्तिका रोज रात्री भरते आणि दिवसा रिकामी होते. आपली घोळभाजीसुद्धा पाण्याचा ताण पडला की काही प्रमाणात हेच करते. चंद्रपूरच्या उन्हात ही युक्ती काय कामाची आहे ते मी सांगायला नको.

मुलांना पहाटे आणि संध्याकाळी पान चाखायला द्या, धडा विसरणार नाहीत.


ढोरांचा_डॉक्टर

चाखायला देऊ नका! पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, या कुळातल्या झाडांनी गुरं दगावतात. पान वाटून रस लिटमसवर किंवा सामूच्या पट्टीवर टाका. रंगातला फरक सगळ्या वर्गाला एकदम दिसेल. घोळीची भाजी खाण्यातलीच, ती चाखायला हरकत नाही.


पानाफुलात

पट्टीचीच पद्धत ठेवू. घोळ सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा खुडायची, एवढं पुरेल.


झाडीपट्टी

भंडाऱ्याकडून. तुम्ही सगळे कपाशी-संत्र्यातच अडकलात, बुरशीचं कोणी बोलेना. आमच्या धानाचं मी सांगतो.

धानाचा करपा. (कडाकरपा नाही, तो जिवाणूचा.) करप्याच्या बुरशीचा बीजाणू पानावर पडतो, रुजतो आणि टोकाला एक घुमटासारखी पेशी तयार करतो. तिची भिंत मेलॅनिननं काळी असते. बीजाणूतला साठा, म्हणजे चरबी, ग्लायकोजेन, मोडायला सुरुवात होते. यातली बरीच मोडतोड रिक्तिकेत होते: चरबीचे थेंब रिक्तिकेत ओढले जाऊन पचतात. त्यातून ग्लिसरॉल साठत जातं, पाणी आत येतं आणि दाब हवेच्या दाबाच्या ८० पटीपर्यंत चढतो. त्या दाबानं खालून एक बारीक खुंटी निघते आणि धानाच्या पानाचं कठीण आवरण भेदून आत घुसते. वर सूक्ष्मदर्शींनी पानाच्या पेशीचा दाब चार ते आठपट सांगितला, तो आणि हा ताडून पाहा.

यासाठी बुरशीला पानावर ओल लागते. म्हणून ढगाळ, दमट दिवस आणि रात्रभर राहणारं दव आलं की आम्ही बांदीत (धानाच्या खाचरात) रोज चक्कर मारतो, आणि युरिया जास्त टाकलेल्या बांदीत आधी पाहतो.


कास्तकार_दर्यापूर

८० पट! एवढ्या इटुकल्या पेशीत!


झाडीपट्टी

आणखी ऐका. पावसाळ्यात वाळवीच्या वारुळावर सात्या निघतात. काल काही नव्हतं, सकाळी पाहावं तर छत्र्या. भूछत्रं रातोरात 'उगवतात' ती नवीन पेशी बनवून नाही. पेशी आधीच कळीत तयार असतात, पाणी मिळालं की त्यांच्या रिक्तिका फुगतात आणि दांडा ताणला जातो. म्हणूनच तव्यावर टाकल्या की एवढं पाणी सोडून एवढ्याशा होतात. (अवांतर: अनोळखी छत्री तोडू नका. सात्या ओळखणाऱ्या बायांकडूनच घ्या.)


सूक्ष्मदर्शी

झाडीपट्टी, धन्यवाद, बुरशी राहूनच जात होती. दोन गोष्टी जोडतो.

एक, यीस्ट. जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टची रिक्तिका सूक्ष्मदर्शीखाली पाहत आयुष्य घालवलं. प्राणिपेशीत लयकारिका जे काम करते ते यीस्टमध्ये रिक्तिका करते, म्हणजे जुनं, मोडकं पचवून पुन्हा वापरायला देते. ओसुमींनी असं यीस्ट घेतलं ज्याच्या रिक्तिकेत पचवणारी विकरंच नव्हती, आणि त्याला उपाशी ठेवलं. पेशी स्वतःचेच भाग गुंडाळून रिक्तिकेत टाकत राहिली, पचन होईना, आणि काही तासांत रिक्तिका गोळ्यांनी भरून गेली. साध्या सूक्ष्मदर्शीखाली दिसण्याइतकी. १९९२ मध्ये ते प्रसिद्ध झालं, पुढे त्यामागची जनुकं सापडली आणि २०१६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. पेशी स्वतःचे भाग पचवते या क्रियेला स्वभक्षण म्हणतात, ती आपल्या शरीरातही चालते.

दोन, संत्रावाली ताईंसाठी. संत्र्याच्या मुळांवर राहणारी मित्रबुरशी मातीतला स्फुरद (फॉस्फरस) मुळापर्यंत आणते. तो ती रिक्तिकेत साखळ्यांच्या रूपात भरते, आणि या रिक्तिका लांब नळ्यांसारख्या असतात. केसाहून बारीक तंतूंमधून स्फुरद त्या नळ्यांतून मुळाकडे जातो. 'व्हॅम' म्हणून जे विकत मिळतं, ते याच जातीच्या बुरशीचं.


संत्रावाली

व्हॅम कलमं लावताना टाकतोच. आता स्फुरद कुठून येतो ते डोळ्यांपुढे आलं. पण डिंक्यासुद्धा बुरशीच ना? मग एक बुरशी मित्र, एक शत्रू?


निवृत्त_कृषीसहायक

ताई, डिंक्या फायटोफ्थोराचा. दिसतो बुरशीसारखा, वागतो बुरशीसारखा, पण खऱ्या बुरशीत तो गणला जात नाही, त्याचं नातं शेवाळांकडे आहे. उपाय मात्र तेच: खोडाला पाणी लागू देऊ नका, दुहेरी आळं करा, बोर्डोपेस्ट लावा.


खारं_पाणी

धागाकर्ते खारपाणपट्ट्यातले आणि खाऱ्या पाण्यावर एक शब्द नाही? पूर्णा खोऱ्यातला मी. अकोला, अमरावती, बुलढाणा, तिन्ही जिल्ह्यांत हा पट्टा जातो. विहिरीचं पाणी पिकाला दिलं तर जमीन बिघडते. तरी काही झाडं इथं तग धरतात, काही मरतात. रिक्तिकेचा काही हात?


पूर्णाकाठ

हे मी मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण माझ्या मुलांसाठी हाच भाग सगळ्यात जवळचा आहे.

सोडियम पेशीद्रव्यात वाढलं की विकरं नीट काम करत नाहीत. टोनोप्लास्टवर एक प्रथिन असतं, ते एक हायड्रोजन आयन बाहेर सोडून त्याच्या बदल्यात एक सोडियम आयन रिक्तिकेत ढकलतं. मीठ रिक्तिकेत कोंडलं गेलं की दोन फायदे: पेशीद्रव्य वाचतं, आणि रिक्तिकेत विद्राव्य वाढल्यानं खाऱ्या मातीतूनही पाणी ओढता येतं. मीठ सोसणारी झाडं हे जास्त चांगलं करतात. कपाशी आपल्या पट्ट्यात बऱ्यापैकी टिकते, हरभऱ्याला मीठ सोसत नाही, हे आपण पाहतोच.

२००१ मध्ये टोमॅटोत हे प्रथिन जास्त बनेल असा बदल केला, तेव्हा ती झाडं लिटरला सुमारे ११.७ ग्रॅम मीठ असलेल्या पाण्यावर वाढली आणि फळलीसुद्धा. मीठ पानांत साठलं, फळात फार कमी गेलं.


खारं_पाणी

सर, हा प्रयोग हरितगृहातला. आमच्या चोपण (क्षारांनी घट्ट झालेल्या) काळ्या मातीत मीठ एकटं नाही, निचराही नाही. एका प्रथिनानं पट्टा सुटणार नाही. शेततळ्यातलं पावसाचं गोडं पाणी एक-दोन वेळा मिळालं तर कपाशीला जो फरक पडतो तो मी पाहिलाय.


पूर्णाकाठ

पूर्ण सहमत. पट्ट्याचा प्रश्न पाण्याचा आणि निचऱ्याचा आहे, तो तिथंच सोडवावा लागेल. मुलांना मात्र कळावं की खाऱ्या धुऱ्यावर उगवलेलं झाड आत कुठं काय लपवून जगतंय.


घाटंजीची_सुगरण

एक राहिलं. तुरीचं वरण! डाळीतलं प्रथिन कुठं असतं माहीत आहे का? बी तयार होताना काही रिक्तिका पाण्याऐवजी प्रथिनांनी भरतात आणि बी वाळलं की त्यांचे घट्ट कण होतात. तूर, हरभरा, सोयाबीन, सगळ्यांत हेच. मटकीला मोड आणतो तेव्हा ते प्रथिन मोडून रोपाला पुरवलं जातं, आणि त्याच रिक्तिका एकत्र येऊन पाण्यानं भरायला लागतात. म्हणजे रोज ताटात वाढतो ती रिक्तिकाच.


वऱ्हाडी_राजा

आता वरन-भात-तूप खाताना कोनी इचारलं काय खातो, तं सांगतो, रिक्तिका खातो. 😀


विदर्भ_विद्यार्थी

मी बारावीला आहे. सगळे उदाहरणं देत आहेत, पण त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं नाही. एवढी जागा पाण्याला का?


सूक्ष्मदर्शी

चांगली आठवण केली.

झाडाला चालत जाऊन अन्न मिळवता येत नाही. त्याला उजेड पकडायला पान पसरावं लागतं आणि पाणी शोधायला मूळ लांबवावं लागतं. म्हणजे आकार वाढवणं ही त्याची गरज. पेशीद्रव्य भरून आकार वाढवायचा तर प्रथिनं लागतात, प्रथिनांना नत्र लागतं, आणि नत्र मातीत नेहमी तुटपुंजं. पाणी भरून आकार वाढवायचा तर थोडे क्षार आणि पंप चालवण्यापुरती ऊर्जा पुरते. तेवढ्याच नत्रात पान कितीतरी पट मोठं होतं. शिवाय हरितलवकं भित्तिकेलगत ढकलली जातात, तिथं त्यांना कार्बन डायऑक्साइड लवकर पोचतो. मुळाच्या टोकामागच्या पेशी लांबतात तेही रिक्तिका फुगून, त्या जोरावर मूळ काळ्या मातीत घुसतं.

त्या मुलाला सांगा, जागा पाण्याला दिली म्हणूनच कमी खर्चात झाडाला एवढं मोठं होता आलं.


विदर्भ_विद्यार्थी

हे आमच्या मार्गदर्शक पुस्तकात नाही! लिहून घेतलं.


पूर्णाकाठ

सूक्ष्मदर्शी, आभार, मीही असंच सांगणार होतो, पण नत्राचा मुद्दा इतका नेमका मांडला नसता. यंदा क्रम असा ठेवतोय: आधी लाल कांदा आणि मीठ, मग बीट, मग पळस-झेंडू, घोळ आणि पानफुटी सामूच्या पट्टीवर. ज्वारीचं मात्र पेरणीनंतर लगेच, धड्याची वाट न पाहता. पालकसभेतही सांगेन.


कास्तकार_दर्यापूर

डॉक्टर साहेब, जाता जाता एक. ज्वारीचा कडबा चालते का? अन् कापून थोडा वेळ सुकवलेली कोवळी ज्वारी?


ढोरांचा_डॉक्टर

पक्व ज्वारीचा पूर्ण वाळलेला कडबा बिनधास्त द्या, पक्व झाडात धुरिन फार कमी उरतं. कोवळी ज्वारी कापून अर्धवट सुकवलेली मात्र अजिबात नको. सुकताना पेशी फुटतात आणि विष सुटायला सुरुवात झालेली असते. आणि भुकेलं जनावर थेट हिरव्या ज्वारीत सोडू नका, आधी कोरडा चारा खाऊ घाला.